झुडपें झोडणें : एका इंग्रजी वाक्प्रचाराची जन्मकथा

सहामाही परीक्षेंत नववीच्या वर्गास इंग्रजीचीं दहा वाक्यें मराठींत भाषान्तर करण्यासाठीं दिलीं होतीं. त्यांतील सहाव्या वाक्याचा आशय असा होता कीं, खिडकीची कांच कशी फुटली हें मुख्याध्यापकांनीं विचारलें असतां तो मुलगा सारखा ‘बीटिंग अबाउट द बुश’ करीत राहिला. कांहीं मुलांनीं हें वाक्य सोडूनच दिलें. कांहींनीं ‘तो बागेंत फिरत राहिला’ असें लिहून वेळ मारून नेली. एका मुलानें मात्र शब्दास शब्द लावून प्रामाणिकपणें लिहिलें, ‘तो झुडपाच्या भोंवतीं बडवीत राहिला.’ उत्तरपत्रिका परत देतांना मीं हें वाक्य मोठ्यानें वाचून दाखविलें, तेव्हां सारा वर्ग हंसला. तो मुलगा हंसला नाहीं. तो उभा राहिला व म्हणाला, “सर, पण झुडूप बडविल्याशिवाय डुक्कर बाहेर निघतं कसं?”

तास संपत आला होता, आणि खरें सांगावयाचें तर मजजवळ उत्तरही तयार नव्हतें. ‘पुढें सांगेन’ म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. म्हणजे त्याच्या प्रश्नापुढें मींही त्या कांच फोडणाऱ्या मुलासारखेंच केलें! त्या दिवसापासून हा वाक्प्रचार माझ्या डोक्यांतून जाईना. शोध घेऊं लागलों तेव्हां असें दिसून आलें कीं, हंसणाऱ्या चाळीस मुलांपेक्षां तो न हंसणारा एक मुलगा या शब्दांच्या मूळ अर्थाच्या अधिक जवळ होता. त्याचें देणें फेडावें म्हणून हा लेख.

प्रथम आजचा अर्थ सांगतों. जें बोलावयाचें तें न बोलतां त्याच्या आसपास घोटाळत राहणें, मुद्दा समोर दिसत असतांही त्यास हात न घालणें, यास इंग्रजींत ‘बीट अबाउट द बुश’ म्हणतात. उसने पैसे मागावयास आलेला शेजारी आधीं पीकपाण्याची चौकशी करतो, मग गुरांच्या बाजाराकडे वळतो, मग आपल्या जांवयाच्या बदलीची हकीकत सांगतो, आणि शेवटीं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतांना ‘बरं, एक काम होतं’ असें म्हणतो. तें सारें या वाक्प्रचारांत येतें. तोच शेजारी ‘मला पांचशे रुपये पाहिजेत’ असें पहिल्या वाक्यांत म्हणाला, तर त्यानें झुडपाचा फेरा टाळला.

आपल्या भाषेंत या अर्थाचे वाक्प्रचार थोडे नाहींत. आढेवेढे घेणें, आडवळणानें बोलणें, मुद्द्यास बगल देणें, लांबण लावणें, चऱ्हाट वळणें, गुऱ्हाळ लावणें. परंतु हे सर्व एकाच मापाचे नाहींत, आणि भाषान्तर करणाऱ्याची खरी परीक्षा येथेंच होते. ‘आढेवेढे घेणें’ हें मुख्यतः होकार देण्यास नाखूष असलेल्या माणसाविषयीं बोलतात. ‘बगल देणें’ यांत टाळण्याचा हेतु उघड आहे. ‘चऱ्हाट’ व ‘गुऱ्हाळ’ यांत केवळ लांबीचा कंटाळा आहे. वक्ता मुद्दा टाळीत असेल किंवा नसेलही. ज्यानें अंबाडीच्या दोरास पीळ देतांना पाहिलें आहे, किंवा उसाचा रस कढईंत आटण्याची वाट पाहत रात्र काढली आहे, त्यास हीं रूपकें समजावून सांगावीं लागत नाहींत. हीं शेतकऱ्याच्या खळ्यांतून व अंगणांतून आलेलीं आहेत. इंग्रजी वाक्प्रचार मात्र रानांतून आला आहे, म्हणून त्याचा मूळ अर्थ समजण्यास आपणांसही थोडें रानांत जावें लागेल.

फार दूर जावयास नको. कंधारच्या किल्ल्याजवळ जगत्तुंगसागर तलाव आहे, तो आपण सर्वांनीं पाहिला आहे. अशा तलावाच्या कांठच्या गवतांतून किंवा बोराटीच्या जाळ्यांतून सकाळीं चाललों, तर कित्येकदां पायापासून दोन हातांवरून तितर भुर्रकन उठतो व छाती धडधडावयास लावतो. तो इतका वेळ तेथेंच होता. आपण येतों आहों हें त्यास कळलें होतें. तरीही तो उडाला नाहीं, कारण तितर, लावा यांसारख्या भूचर पक्ष्यांचा भरंवसा पंखांपेक्षां पिसांच्या रंगावर अधिक असतो. वाळक्या गवताच्या रंगांत रंग मिसळून दबून बसलें कीं शत्रू शेजारून निघून जातो, हें त्यांस ठाऊक आहे. अगदीं अंगावर पाय पडण्याची वेळ आली म्हणजेच ते उडतात. तेव्हां असा पक्षी ज्यास धरावयाचा आहे, त्यास झुडपें झोडपून त्याला उठविल्यावांचून गत्यंतर नसतें. ससा व रानडुक्कर यांचीही हीच रीत. जाळींत पडून राहावें, गडबड अगदीं जवळ आली तरच निघावें.

इंग्लंडांत मध्ययुगामध्यें रात्रीं पक्षी धरण्याची एक पद्धत होती. अंधाऱ्या रात्रीं तीन-चार माणसें निघत. एकाजवळ मशाल किंवा कंदील, एकाजवळ जाळें, व बाकीच्यांजवळ काठ्या. पक्षी कुंपणांत व झुडपांत झोंपीं गेलेले असत. काठीवाले झुडपाच्या एका बाजूनें झोडपूं लागले म्हणजे दचकून उठलेले पक्षी उजेडाकडे झेप घेत, आणि उजेडापुढें धरलेल्या जाळ्यांत अडकत. पुढें बंदुका आल्या तेव्हां रीत पालटली, पण झुडपें झोडणारा माणूस राहिलाच. आजही इंग्लंडांत फेझंट पक्ष्यांच्या शिकारीच्या दिवसांत रोजंदारीवर असे ‘बीटर’ लावतात.

या कामांतील एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. झोडपणारा एक असतो आणि धरणारा दुसरा असतो. झोडपणाऱ्याचे हात कांट्यांनीं ओरबाडतात, दंव पडून त्याचे कपडे भिजतात. पक्षी मात्र जाळेंवाल्याच्या हातीं लागतो. वाक्प्रचाराचा जन्म झाला तो या विषमतेंतून. त्याचें अगदीं जुनें रूप ‘मुद्दा टाळणें’ हें नव्हतेंच. तें असें होतें कीं, कोणी झुडपें झोडतात व कोणी पक्षी धरतात. सुमारें १४४० सालच्या ‘जेनेरिडीज’ नांवाच्या एका इंग्रजी पद्यकथेंत ही म्हण येते, आणि तेथेंही ती फार जुनी म्हणून सांगितली आहे. फ्रेंच भाषेंतही हीच म्हण आहे. म्हणजे आपण ज्यास ‘आयत्या बिळावर नागोबा’ म्हणतों, किंवा अधिक कडवटपणें ‘आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें’ म्हणतों, त्याच जातीची ही म्हण होय. श्रम एकाचे व फळ दुसऱ्याचें. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांत पेरणारा एक व कापणारा दुसरा अशा अर्थाची जी म्हण येते, तिचा सूर मात्र वेगळा आहे. तेथें पेरणारा व कापणारा दोघेही मिळून आनंद करतात. झुडपें झोडणाऱ्याच्या म्हणींत असा आनंद कोठेंही नाहीं.

या म्हणीनें एकदां राजकारणांतही काम केलें आहे. १४२९ सालीं इंग्रजांचें सैन्य फ्रान्समधील ऑर्लियां शहरास वेढा देऊन बसलें होतें. त्या वेळीं इंग्लंडचा राजा सहावा हेन्री लहान असल्यामुळें त्याचा चुलता ड्यूक ऑफ बेडफर्ड हा फ्रान्समधील कारभार पाहत असे. वेढ्यानें जेरीस आलेल्या नागरिकांनीं एक युक्ति काढली. शहर इंग्रजांच्या हवालीं न करितां त्यांचा दोस्त जो बर्गंडीचा ड्यूक त्याच्या ताब्यांत देण्याची तयारी त्यांनीं दर्शविली. बेडफर्डनें नकार दिला. आम्हीं झुडपें झोडावयाचीं आणि पक्षी दुसऱ्यानें न्यावयाचे हें आम्हांस चालणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिल्याचें त्या काळच्या बखरकारांनीं लिहून ठेविलें आहे. बर्गंडीचा ड्यूक रागावला व त्यानें आपलीं माणसें वेढ्यांतून परत बोलाविलीं. थोड्याच दिवसांत जोन ऑफ आर्क ही शेतकऱ्याची मुलगी ऑर्लियांस पोंचली, आणि मे महिन्यांत वेढा उठला. पक्षी कोणाच्याच हातीं लागला नाहीं. गंमत ही कीं, झुडपें झोडल्याची तक्रार येथें एका राजपुत्रानें केली आहे. ज्यानें स्वतः कधीं झुडपाला काठी लावली असेल कीं नाहीं, याची मला शंका आहे.

मग ‘श्रम एकाचे, फळ दुसऱ्याचें’ हा अर्थ जाऊन ‘मुद्दा टाळणें’ हा अर्थ आला कसा? त्याचा दुवा जॉन हेवूड याच्या १५४६ सालच्या म्हणींच्या पुस्तकांत सांपडतो. तेथें बोलणारा असा विचार करतो कीं, मी असा लांबलचक खल करीत व झुडपें झोडीत बसलों तर मधल्यामध्यें दुसरे लोक पुढें येऊन पक्षी धरून नेतील. पाहा, येथें तराजू कसा कलला! म्हण तीच, पण दोष आतां पक्षी नेणाऱ्याकडे राहिला नाहीं. दोष झोडीत बसणाऱ्याच्या दिरंगाईकडे आला. पुढें १५७२ च्या सुमारास जॉर्ज गॅस्कॉइन या कवीच्या लेखनांत झुडूप झोडण्याऐवजीं झुडपाच्या ‘भोंवतीं’ झोडणें असा शब्दप्रयोग येतो. दुसऱ्यांनीं पक्षी धरल्याचा उल्लेख तेथें अजून शिल्लक आहे. त्यानंतर हळूहळू म्हणीचें दुसरें अर्ध गळून पडलें. पक्षी गेले, पक्षी धरणारा गेला, आणि भोंवतीं भोंवतीं काठी आपटणारा एकटा माणूस तेवढा उरला. साहजिकच तो वेडगळ दिसूं लागला. ज्यास पक्षी धरावयाचाच नाहीं तो झुडपाभोंवतीं कशाला झोडतो, असें लोक म्हणूं लागले.

म्हण अर्धी तुटली म्हणजे असें होतें. मराठींतही ‘नाचतां येईना’ एवढेंच म्हणून पुढचें ‘अंगण वांकडें’ ऐकणाऱ्यावर सोडून देतात. उद्यां ते दुसरें अर्ध कोणास आठवेनासें झालें, तर पहिल्या अर्धाचा अर्थ काय होईल हें कोणी सांगावें?

या वाक्प्रचाराच्या उत्पत्तीविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यांत येते, ती मुलांस फार आवडते, म्हणून तिचा येथें निकाल लावणें भाग आहे. ती अशी कीं, निःशस्त्र हाकाऱ्यांस रानडुकराच्या सुळ्यांची भीति वाटे, म्हणून ते जाळींत न शिरतां तिच्या भोंवतींच काठ्या आपटीत, व त्यावरून ‘टाळाटाळ’ हा अर्थ आला. गोष्ट चांगली जुळते; फारच चांगली जुळते, आणि तेथेंच तिचा संशय येतो. वर सांगितलेल्या जुन्या दाखल्यांत सर्वत्र पक्षीच आहेत, डुक्कर कोठेंही नाहीं.

शब्दांच्या बाबतींत कानाला गोड लागणारी उत्पत्ति पुष्कळदां फसवी असते. आपल्याच भाषेंतील ‘ससेमिरा’ हा शब्द घ्या. कोणी सारखें पाठीस लागलें म्हणजे आपण ‘ससेमिरा लागला’ म्हणतों. ऐकणाऱ्यास वाटतें, यांत ससा आहे, त्याच्यामागें कुत्रीं लागलीं आहेत. ससेहोलपटींत ससा दिसतो, तसा येथेंही असावा. परंतु येथें ससा मुळींच नाहीं. विक्रम राजाच्या सिंहासनबत्तिशींत एक कथा आहे. एक राजपुत्र शिकारीस जाऊन रानांत एकटा पडतो व वाघाच्या भीतीनें झाडावर चढतो. झाडावर एक अस्वल असतें. तें त्यास अभय देतें, आणि तो झोंपीं गेला असतां वाघानें लालूच दाखविली तरी त्यास खालीं ढकलीत नाहीं. पुढें अस्वलाची झोंपण्याची पाळी येते तेव्हां हाच राजपुत्र वाघाच्या बोलण्यास भुलून त्यास ढकलतो. अस्वल फांदी धरून सांवरतें व शाप देतें. राजपुत्र वेडा होऊन ‘स-से-मि-रा’ एवढींच अक्षरें बडबडत फिरूं लागतो. अखेर एक विद्वान् पडद्याआडून चार श्लोक म्हणतो. त्यांचीं पहिलीं अक्षरें अनुक्रमें हींच चार; विषय विश्वासघाताचें पाप. प्रत्येक श्लोकासरशीं एकेक अक्षर सुटतें, आणि राजपुत्र शुद्धीवर येतो. म्हणजे शब्द निघाला शिकारीच्याच कथेंतून, पण सशाच्या मागावर जाणारा तेथें पोंचला नसता.

आतां आपल्या रानाकडे वळतों. इंग्रजींत ज्यास झुडपें झोडणें म्हणतात त्यास आपल्याकडे ‘हाका’ म्हणत, आणि तें काम करणाऱ्यांस ‘हाकारे’. माझे आजोबा हाकारे होते. धंद्यानें नव्हे, तो कोणाचाच धंदा नव्हता. आमच्या घराण्यांत हलगी होती, म्हणून तें त्यांच्या वाट्यास आलें. त्यांस जाऊन पंधरा वर्षें झालीं. कंधार व मुखेड यांच्या मधल्या बालाघाटाच्या टेकड्यांत, निजामाच्या अमदानीच्या अखेरच्या वर्षांत, पाहिलेले हाके ते मला लहानपणीं सांगत असत.

दौऱ्यावरचे कोणी साहेब किंवा जहागिरीचे कोणी पाहुणे शिकारीस येणार असले म्हणजे आदल्या दिवशीं गांवांत सांगावा येई. घरटीं एक माणूस. पेरणी चालू आहे, घरांत कोणी आजारी आहे, हें ऐकून घेणारा कोणी नसे. पहांटे माणसें रानाच्या एका तोंडाशीं जमत. जनावर कोठें बसलें आहे हें आधीं माग काढणाऱ्यानें पाहून ठेविलेलें असे, आणि हा माग काढणारा बहुधा पारधी असे. वाऱ्याची दिशा पाहत. वारा हाकाऱ्यांच्या पाठीवर असावा लागे, कारण पुढें मचाणावर बसलेल्या बंदुकवाल्यांचा वास जनावरास जाऊं नये. मग हाकारे चंद्रकोरीसारखी रांग धरीत, टोंकें पुढें व मध्य मागें. दोन्ही कडांना झाडांवर एकेक माणूस बसवीत. जनावर बाजूस वळूं लागलें तर त्यानें ओरडावयाचें नाहीं, खोडावर काठीनें नुसतें ठकठक करावयाचें. तेवढ्यानें तें पुन्हां वाटेवर येई. खूण झाली कीं हलगी, रिकामे डबे, आरोळ्या, आणि प्रत्येक जाळीवर काठी. आजोबा म्हणत, जाळी चुकवून पुढें गेलेला हाकाऱ्या शिव्या खाई, कारण ज्या जाळीस काठी लागली नाहीं नेमकें त्याच जाळींत जनावर राहतें.

एकदां त्यांच्या डाव्या हातास असलेल्या शेजारच्या गांवच्या माणसावर डुक्कर उलटलें. रांग फोडून मागें निघतांना त्यानें त्याची मांडी फाडली. त्या माणसास दोन हाली रुपये मिळाले. तो जगला, पण पुढें त्यास नांगर धरतां आला नाहीं. त्या दिवशीं आणखी एक डुक्कर पडलें होतें, तें गाडींत घालून नेलें. “रान आम्ही उठवायचं, बार त्याइनं काढायचा, अन् जनावर वाड्यावर जायाचं,” एवढेंच आजोबा म्हणत. कोण साहेब, कोणाचा वाडा, हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. मींही विचारलें नाहीं. ‘जेनेरिडीज’चें नांव त्यांनीं ऐकण्याचा संभव नव्हता. परंतु इंग्रजी म्हणींतून गळून पडलेलें दुसरें अर्ध त्यांच्या वाक्यांत जसेंच्या तसें होतें.

वर पारध्यांचा उल्लेख आला, म्हणून जातां जातां आणखी एक इंग्रजी शिकारी शब्द सांगतों. ‘स्टॉकिंग हॉर्स’ म्हणजे ज्याच्या आड दडून दुसरा आपला डाव साधतो असें पुढें केलेलें माणूस. मूळ अर्थ, ज्याच्या आडून शिकारी पक्ष्यांजवळ जातो तो शिकविलेला घोडा. आपल्या पारध्यांपैकीं एका शाखेस ‘गायके’ म्हणत. ते बैलाच्या आड चालत सावजाजवळ जात, असें रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथांत नमूद आहे. चरत येणाऱ्या बैलास हरिण भीत नाहीं, आणि बैलाचे चार पाय दिसतात त्यांत माणसाचे दोन मिसळून जातात. इतकें रानाचें ज्ञान असलेल्या या लोकांस गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जन्मतःच गुन्हेगार ठरविलें होतें. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. लोकांच्या मनांतून मात्र तो अजून पुरता गेलेला नाहीं.

आतां मूळ विषयाकडे. हाक्यावरून मराठीनेंही एक वाक्प्रचार घेतला आहे, तो म्हणजे ‘रान उठविणें’. अन्यायाविरुद्ध त्यांनीं रान उठविलें, असें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. क्रिया तीच. काठ्या, आरोळ्या, झुडपें हलविणें. परंतु इंग्रजींत ही क्रिया करणारा मनुष्य टाळाटाळ करणारा ठरला, व मराठींत तीच क्रिया करणारा दडलेलें बाहेर काढणारा ठरला. असें कां झालें याचें शास्त्रीय उत्तर मी देऊं शकत नाहीं, पण मला जें वाटतें तें सांगतों. मचाणावर बंदूक घेऊन बसलेल्यास हाका म्हणजे केवळ वाट पाहणें आहे. किती वेळ झोडतात, जनावर कां काढीत नाहींत, असेंच त्यास वाटणार. जाळींत शिरलेल्यास मात्र हाका हेंच काम आहे. बंदुकीचा बार हा त्याच्या शेवटचा एक क्षण. इंग्रजी वाक्प्रचाराचा आजचा अर्थ मचाणावरून पाहिलेला आहे. मराठीचा जमिनीवरून.

हैद्राबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्यें भारतांत विलीन झालें, आणि १९५० च्या जानेवारींत राज्यघटना अंमलांत आली. तिच्या तेविसाव्या अनुच्छेदानें वेठबिगारीस मनाई केली आहे. मुलांनीं हा अनुच्छेद इंग्रजी प्रतींत अवश्य काढून पाहावा. घटनाकारांनीं तेथें इंग्रजी पर्याय न वापरतां ‘बेगार’ हाच शब्द रोमन अक्षरांत तसाच ठेविला आहे. आजोबांस इंग्रजी येत नव्हतें. पण त्या कलमांतील तेवढा एक शब्द त्यांस कोणी वाचून दाखविला असता, तर पुढचा अर्थ त्यांस सांगावा लागला नसता.

शिकारीचा हाका आतां होत नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी झाली, आणि तें योग्यच झालें. तथापि झुडपें झोडण्याचें काम आपल्या तालुक्यांतून गेलेलें नाहीं. भुईमूग भरला, ज्वारी हुरड्यास आली, कीं रानडुकरें रात्रीं शेतांत उतरतात व एका रात्रींत बिघाभर पीक उलथून टाकतात. त्या दिवसांत पुष्कळ घरचे लोक बांधावर माळा घालून रात्रभर डबे वाजवीत बसतात, पहांटे बांधावरच्या बोराटींत काठ्या आपटून पाहतात, आणि मग घरीं येतात. त्यांत मुलेंही असतात. सकाळच्या पहिल्या तासास कांहीं मुलें डोळे चोळीत बसतात, त्याचें कारण नेहमीं आळस नसतें, हें पालकांस ठाऊक आहे. शिक्षकांसही असावयास पाहिजे.

तो न हंसणारा मुलगा अशाच एका घरचा आहे. सहामाहीच्या आदल्या आठवड्यांत तो वडिलांबरोबर चार रात्री शेतावर होता, हें मला मागाहून समजलें. झुडपाभोंवतीं बडविण्याचा अर्थ मुद्दा टाळणें असा होऊं शकतो, हें त्यास खरें कां वाटावें? त्याच्या बापाचें पीक त्यानेंच वांचतें.

त्यास परीक्षेंत त्या वाक्याचे गुण मिळाले नाहींत, व ते मीं आतांही देणार नाहीं. भाषान्तर चुकलें तें चुकलें. तेथें ‘तो मुद्द्यावर येईना’ एवढें पुरे होतें, किंवा ‘तो आडवळणानें बोलत राहिला’. वार्षिक परीक्षेंत हा वाक्प्रचार पुन्हां यावयाचा आहे, तेव्हां मुलांनीं हीं दोन्हीं वाक्यें वहींत उतरून घ्यावीं. आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, निघत नाहीं. झुडूप बडविल्याशिवाय डुक्कर बाहेर निघत नाहीं.